‘कुठला?’ असा शेरा तीनदा

पत्र : मॅडम, मी लातूरला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘महाराष्ट्रातील कुळांचे हक्क’ या विषयावर साठ पानांचा प्रकल्प मराठीत लिहिला. ६१ तळटीपा दिल्या, कुणाचं वाक्य घेऊन लपवलं नाही. तरी सरांनी प्रकल्प परत केला. समासात तीन ठिकाणी लाल पेनानं एकच शब्द, ‘कुठला?’, आणि शेवटी ‘संदर्भ दुरुस्त करून दहा दिवसांत आणा.’ संदर्भ लिहिण्यासाठी मैत्रीण म्हणते ब्लूबुकची पद्धत वापर, सिनियर म्हणतो इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची वापर. कायद्याचं नाव मराठीत लिहू की इंग्रजीत? कॉमेंट्रीचा, म्हणजे कायद्यावरच्या भाष्यग्रंथाचा, संदर्भ चालतो ना? कलमं जशीच्या तशी उतरवली तर उचलेगिरी शोधणाऱ्या साम्य तपासणीत अडकेन का? आणि एक कबूल करते, दोन निकाल चॅटजीपीटीकडून घेतलेत. शेरे पडलेल्या तिन्ही तळटीपांचे आणि त्यांच्या पानांचे फोटो जोडले आहेत, सोबत अख्खा प्रकल्पही. – ल., लातूर

ल.,

तुझे फोटो मोठे करून पाहिले. आधी सरांवरचा राग सोड. मला तर वाटतं त्यांनी प्रकल्प नीट वाचलाय, कारण त्या तिन्ही जागी मीही हाच प्रश्न विचारला असता.

तळटीप ४ घेऊ. तू लिहिलंयस, ‘कुळकायदा, कलम ३२ग.’ संपलं. गावच्या चावडीवर ‘कुळकायदा’ एवढं म्हटलं तरी भागतं, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघंही त्याच गावात बसलेले असतात. तुझा प्रकल्प उद्या कोल्हापूरचा कुणी वाचेल, परवा अमरावतीचा. त्या प्रत्येकाच्या डोक्यात ‘कुळकायदा’ म्हणजे वेगळा कायदा आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा, विदर्भात १९५८ चा स्वतंत्र, आणि तुझ्या मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या वारशातून आलेला १९५० चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा आपला कायदा सोबत घेऊन आला, आणि तो अजून त्याच नावानं नांदतो आहे. शेजारी गोव्यात १९६४ चा आणखी निराळा.

आता तुझंच वाक्य बघ, ज्याला ही तळटीप लटकवली आहेस : ‘आमच्या पणजोबांना औसा तालुक्यातील जमीन कलम ३२ग अन्वये मिळाली.’ अगं, औशात ३२ग कसं लागेल? ते १९४८ च्या कायद्यातलं कलम. औशाला हैदराबादचा कायदा. तिथे संरक्षित कुळाकडे मालकी जाते ती कलम ३८ई खाली, आणि ‘संरक्षित कूळ’ कोण याचीही व्याख्या त्या कायद्यात आपली आपली आहे. म्हणजे सरांच्या ‘कुठला?’चं उत्तर शोधायला बसली असतीस तर तळटीप तर दुरुस्त झालीच असती, पण वरचं वाक्यही चुकलंय हे तुझं तुलाच दिसलं असतं. नेटका संदर्भ लिहायला लावतात तो मुख्यतः याचसाठी. निम्म्या चुका पूर्ण नाव लिहिताना सापडतात.

तर पूर्ण नाव असं : हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० (१९५० चा हैदराबाद अधिनियम क्र. २१), कलम ३८ई. पश्चिम महाराष्ट्राच्या प्रकरणात : महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम (१९४८ चा मुंबई अधिनियम क्र. ६७), कलम ३२ग. पहिल्यांदा एवढं लांबलचक लिहायचं आणि पुढे ‘यापुढे हैदराबाद अधिनियम’, ‘यापुढे १९४८ चा अधिनियम’ असं सांगून मोकळं व्हायचं.

कंसातला क्रमांक कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. नावातलं वर्ष आणि क्रमांकाचं वर्ष दर वेळी एक नसतं म्हणून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा सन २००० चा अधिनियम क्र. १८ आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा, क्रमांक १९६५ चा पाचवा. आणि नुसता क्रमांकही पुरत नाही. भारतीय दंड संहिता १८६० चा ४५ वा अधिनियम होती, तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता २०२३ चा ४५ वा. निव्वळ योगायोग, पण परीक्षेत विचारण्याजोगा.

दुसरी गोष्ट, नाव बदललंय. तुझ्या पान १२ वर ‘मुंबई कुळवहिवाट’ आहे आणि पान ३० वर ‘महाराष्ट्र कुळवहिवाट’. वाचणाऱ्याला वाटेल दोन कायदे आहेत. कायदा एकच. २०१२ मध्ये राज्यानं ढीगभर जुन्या कायद्यांच्या नावातला ‘मुंबई’ काढून ‘महाराष्ट्र’ घातला, त्यात हाही आला. आज लिहिताना आजचं नाव वापर, पहिल्या तळटीपेत ‘पूर्वीचा मुंबई कुळवहिवाट…’ एवढं सांग. जुन्या निकालातला उतारा देताना मात्र त्यात जे नाव आहे तेच राहू दे. अवतरणचिन्हांच्या आत आपण दुरुस्त्या करत नाही.

आता एक भानगड, जी फक्त मराठीत लिहिणाऱ्यांच्या नशिबी येते. ३२ग मधला ‘ग’ म्हणजे इंग्रजीतला जी. अ, ब, क, ड, इ, फ, ग अशी ती मोजणी आहे. पण संविधानाची सरकारी मराठी प्रत उघड. मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद इंग्रजीत ५१ए, मराठीत ५१क. तिथे मोजणी क, ख, ग, घ अशी. म्हणजे एका पद्धतीत ‘क’ म्हणजे ए, दुसरीत ‘क’ म्हणजे सी. ‘ग’ म्हणजे एकीत जी, दुसरीत सी. ३२ सी असं कलमही १९४८ च्या कायद्यात आहे! म्हणून सुरुवातीलाच एक ओळ टाक, ‘कलमांची अक्षरं अधिनियमाच्या मराठी पाठाप्रमाणे, ३२ग म्हणजे इंग्रजी पाठातले ३२ जी.’ वाचणारा दुवा देईल. मी स्वतः या ‘क’पायी एकदा अख्खी दुपार चुकीचं कलम वाचत बसले होते, कुणाला सांगू नकोस.

तळटीप ४ च्याच पानावर तू लिहिलंस की ‘१९४८ मध्ये कसणारा जमिनीचा मालक झाला.’ नाही झाला. १९४८ चा कायदा १९५६ च्या दुरुस्तीनं (१९५६ चा मुंबई अधिनियम क्र. १३) पालटला, आणि कूळ मालक मानलं गेलं ते १ एप्रिल १९५७ पासून. तोच कृषक दिन. ३२ग सुद्धा त्या दुरुस्तीनंच आत आलं. सातबारा वाचता येतो ना तुला? त्यावर आजचं नाव असतं आणि ते कसं आलं हे फेरफार क्रमांक सांगतो. कलमाचंही तसंच. बेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे नुसता कायदा छापलेल्या पुस्तकात, कलमाखाली बारीक अक्षरात ‘अमुक अधिनियमान्वये समाविष्ट’ असं छापलेलं असतं ते फेरफार समज. ‘कधीपासून’ हा तुझ्या वाक्याचा मुद्दा असेल तिथे दुरुस्तीचा अधिनियमही तळटीपेत यायलाच हवा.

कॉमेंट्रीचा प्रश्न इथेच येतो. तिसऱ्या प्रकरणात तू म्हणतेस, कुळकायद्यानं मिळालेली जमीन विकायला कलम ४३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच. खाली कॉमेंट्रीचा संदर्भ, आवृत्ती १९९६. पुस्तक चांगलं आहे, माझ्याकडेही आहे. पण २०१४ मध्ये कलम ४३ ला परंतुक, म्हणजे ‘मात्र’ म्हणून येणारा अपवाद, जोडलं गेलं. खरेदीला दहा वर्षं उलटून गेली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून, आणि तिथे घातलेल्या बाकी अटी पाळून, आधीच्या परवानगीशिवाय विकता येते. १९९६ च्या पुस्तकाला हे कुठून कळावं? तेव्हा कायदा काय म्हणतो हे सांगताना कायदाच दाखव. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचेही अधिनियम आहेत, शंका आली तर राजपत्र. लेखकाचं मत, इतिहास, टीका सांगायची असेल तेव्हा कॉमेंट्री, आणि तीही आवृत्ती व पान टाकून. आणि परंतुकातलं काही सांगत असशील तर ‘कलम ४३’वर थांबू नकोस, ‘कलम ४३, पोटकलम (१), परंतुक’ इथपर्यंत जा. आपल्याकडे कायदा एका हातानं देतो आणि परंतुकानं काढून घेतो, कधी उलटंही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मी एका न्यायालयात तावातावानं एक कलम वाचून दाखवलं. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, ‘बाई, पुस्तक कोणत्या साली घेतलंत?’ समोरचे वकील छताकडे बघत होते. ते कलम चार वर्षांपूर्वी बदललं होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टिपणात कंसात ‘अमुक तारखेला पाहिले’ असतं. तूही टाक. संकेतस्थळावरचा मजकूर बदलतो, तारीख टाकलेली असली की निदान आपण कुठल्या दिवशीचा कायदा सांगतोय ते कळतं.

तळटीप ११. ‘सुप्रीम कोर्टाचा निकाल, १९५९’ आणि एका वकिलांच्या संकेतस्थळाचा पत्ता. तुला म्हणायचाय तो निकाल असा लिहितात : श्री राम राम नारायण मेधी विरुद्ध मुंबई राज्य, एआयआर १९५९ एससी ४५९. यात एआयआर म्हणजे निकाल छापणारं ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे नियतकालिक, १९५९ हे त्याच्या खंडाचं वर्ष, ‘एससी’ म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा भाग, ४५९ हे निकाल जिथून सुरू होतो ते पान. निकाल दिला गेला १९५८ मध्ये. ‘१९५९ मध्ये न्यायालयाने म्हटले’ असं लिहिलंस तिथे वर्ष दुरुस्त कर. आणि ‘मुंबई राज्य’चं ‘महाराष्ट्र राज्य’ करायचा मोह आवर. खटला चालला तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मालाच यायचं होतं. कायद्याचं नाव बदलतं, खटल्याचं नाव कुणी बदलत नाही. (एआयआर नागपूरहून निघतो हे ठाऊक होतं का तुला? देशभरातले वकील नागपूरचं पान उघडतात, आणि आपली मुलं संदर्भ म्हणून कुणाच्या तरी ब्लॉगची लिंक देतात.)

एवढ्यानं भागलं का? नाही. तू म्हणतेस न्यायालयानं १९५६ ची दुरुस्ती वैध ठरवली. निकाल लांबलचक आहे. कुठल्या परिच्छेदात? परिच्छेद क्रमांक दिलाच पाहिजे, नाहीतर पत्त्यात गाव लिहिलं आणि गल्ली विसरली असं होतं.

तुझं अवतरणचिन्हातलं वाक्य मी ताडून पाहिलं. ते निकालातलं नाही, हेडनोटमधलं आहे. हेडनोट न्यायमूर्ती लिहीत नाहीत, नियतकालिकाचा संपादक लिहितो. वकिलाला घाईत उपयोगी पडावा म्हणून केलेला तो गोषवारा. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ (२००८) १ एससीसी १ (एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’, तसंच दुसरं नियतकालिक) या निकालात हाच फरक कळीचा होता. न्यायालयाचा निकाल सगळ्यांचा, पण संपादकांनी स्वतः लिहिलेल्या हेडनोटांवर प्रकाशकाचा हक्क. तेव्हा हेडनोट उचलून ‘सर्वोच्च न्यायालय म्हणते’ असं लिहिणं म्हणजे एकाच दगडात दोन चुका. बोलणारा चुकला, आणि ज्याचं वाक्य त्याला श्रेय नाही.

नव्या निकालांना हल्ली न्यायालयच क्रमांक देतं, २०२३ पासून. ‘२०२४ आयएनएससी ५६२’ म्हणजे २०२४ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा ५६२ वा, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा. असा क्रमांक असेल तिथे तो आधी, नियतकालिकाचा नंतर.

निकाल अजून टिकून आहे का हेही बघायचं. दूर जायला नको, मराठा आरक्षणाचंच घे. २०१८ चा कायदा मुंबई उच्च न्यायालयानं जून २०१९ मध्ये टक्के कमी करून उचलून धरला. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला (जयश्री लक्ष्मणराव पाटील विरुद्ध मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, (२०२१) ८ एससीसी १). २०१९ च्या निकालाचा संदर्भ द्यायला हरकत नाही, इतिहास म्हणून दे, पण पुढचं सांगितलं नाहीस तर ती थाप ठरते. दंड संहितेबद्दलही तेच. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर खुनाला कलम ३०२, नंतरचा असेल तर न्याय संहितेचं कलम १०३. सवयीनं ‘न्याय संहिता, कलम ३०२’ लिहिलंस तर ते धार्मिक भावना दुखावण्याचं कलम निघेल.

तळटीप १९, ‘शासन निर्णय, महसूल विभाग.’ वर्षाला किती शासन निर्णय निघतात आणि त्यात महसूल विभागाचे किती, हे एकदा शासनाच्या संकेतस्थळावर डोकावून बघ, मग सरांचं ‘कुठला?’ तुलाच हसू आणेल. जीआरच्या माथ्यावर विषय, विभाग, शासन निर्णय क्रमांक आणि दिनांक असतात. अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ठरावीक परिच्छेद असतो की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक. तो लांबलचक आकडा उतरवून घे. त्याची सुरुवातच वर्ष, महिना, दिवस अशी असते. तो शोधखिडकीत टाकला की नेमका तोच जीआर हाती येतो. वर ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, तीही वाच. तुझा जीआर आधीचा एखादा अधिक्रमित करतो का, म्हणजे त्याला रद्द करून त्याची जागा घेतो का, आणि पुढच्या कुणी त्याला अधिक्रमित केलंय का, हे तिथूनच उलगडत जातं.

एक वाक्य मात्र खोडच : ‘शासन निर्णयाद्वारे कायद्यात बदल करण्यात आला.’ जीआर कायदा बदलत नाही. कायदा बदलतं विधिमंडळ, किंवा अधिवेशन नसताना अध्यादेश. कायद्यानं दिलेल्या अधिकारात निघते ती अधिसूचना, आणि ती कुठल्या कलमाखाली निघाली हे तिच्यातच लिहिलेलं असतं. जीआर हा प्रशासनाचा आदेश. चहाच्या टपरीवर सगळ्यालाच ‘जीआर निघाला’ म्हणतात, प्रकल्पात तसं चालणार नाही.

मराठी की इंग्रजी? प्रकल्प मराठीत आहे, तर नावं मराठीत, शासनानं छापलेल्या मराठी पाठातलीच. पण शब्दाचा कीस पाडायचा असेल तर इंग्रजी पाठ समोर ठेव. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे विधेयक मराठीत मंजूर झालं तरी राज्यपालांच्या प्राधिकारानं राजपत्रात आलेलं इंग्रजी भाषांतर हा त्याचा अधिकृत इंग्रजी पाठ धरतात, आणि १९४८ चा कुळकायदा तर मुळातच इंग्रजीत झालेला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे निकालही इंग्रजीतच, त्यातला उतारा तू मराठीत देशील तर ‘भाषांतर माझे’ हे दोन शब्द हवेत. नाहीतर तुझं मराठी न्यायमूर्तींच्या नावावर खपेल.

साम्य तपासणीची चिंता सोड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांत श्रेय देऊन दिलेली अवतरणं, संदर्भसूची आणि कायद्याचा मजकूर साम्यातून वगळायला सांगितलंय. महाविद्यालयातलं यंत्र आपणहून वगळत नसेल तर सरांना तो विनियम दाखव, अर्थात व्यवस्थित संदर्भासकट. तरी पान पान कलमं उतरवू नकोस. सलग तीन पोटकलमं आली की वाचणारा थेट पुढच्या मथळ्यावर उडी मारतो, मीही मारते.

ब्लूबुक का इंडियन लॉ इन्स्टिट्यूट? सर म्हणतील ते. त्यांनी काही सांगितलं नसेल तर एक निवड आणि ६१ ठिकाणी तीच पाळ. स्वल्पविराम कुठे, यावरून मार्क जात नाहीत. ६१ तळटीपांत सात पद्धती असल्या तर जातात.

राहिले चॅटजीपीटीचे दोन निकाल. एक मी शोधला, त्या नावाचा खटला त्या खंडात त्या पानावर नाही, तिथे भलताच निकाल आहे. दुसरा तू शोध. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘माटा विरुद्ध एव्हियान्का’ या खटल्यात वकिलांनी असेच यंत्रानं रचलेले, कधी न झालेले निकाल न्यायालयापुढे ठेवले. पाच हजार डॉलर दंड झाला, आणि जगभर नाव झालं ते वेगळंच. तुला दंड होणार नाही, पण सरांनी तीच तळटीप उघडली असती तर ‘कुठला?’वर भागलं नसतं. जो निकाल तू स्वतः उघडून वाचलेला नाहीस तो तळटीपेत नको. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतला असशील तर तसं सरळ लिही, ‘अमुक ग्रंथात उद्धृत’. त्यात कमीपणा नाही.

दहा दिवस पुष्कळ आहेत. पहिले दोन फक्त कायद्यांना दे, मग निकाल, मग जीआर. तिसऱ्या प्रकरणाचा कलम ४३ चा भाग पुन्हा लिहावा लागेल, तो शेवटावर ढकलू नकोस.

आणि या रविवारी औशाला जाऊन ये. पणजोबांच्या जमिनीचे कागद कुणाच्या तरी घरी पत्र्याच्या पेटीत असतीलच. प्रमाणपत्र सापडलं तर त्यावर कलम, हुकमाचा क्रमांक आणि तारीख असेल. ती तुझी तळटीप ४. कागदावर कुठलं कलम निघालं ते मला कळव, मलाही उत्सुकता आहे.